विश्लेषण : पीएच ‘नॉर्मल’ आला म्हणजे पाणी चांगले? महाड-पोलादपूरच्या पाण्यातून समजून घेऊ पीएच आणि अल्कलिनिटीतला फरक

काचेचे दोन ग्लास. एकात नळाचे पाणी, दुसऱ्यात ‘अल्कलाइन’ यंत्राचे. दोन्हींत रंगाचे दोन-दोन थेंब पडतात. नळाचे पाणी पिवळसर-हिरवे होते, यंत्राचे जांभळे. ‘बघा, तुम्ही रोज ॲसिडिक पाणी पिताय,’ असे विक्रेता सांगतो आणि रील संपते. हा प्रयोग खोटा नाही. रंग खरोखरच बदलतो. खोटा असतो तो त्यातून काढलेला निष्कर्ष, कारण रंग फक्त पीएच दाखवतो. पाण्याची अल्कलिनिटी त्या रंगात दिसतच नाही.

पीएच आणि अल्कलिनिटी ही दोन नावे पाण्याच्या प्रत्येक तपासणी अहवालात खाली-वर छापलेली असतात आणि बहुतेक जण ती एकच समजतात. रायगड जिल्ह्याच्या आतल्या अंगाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या महाड आणि पोलादपूर या तालुक्यांत हा गैरसमज महागात पडू शकतो. तिथे पावसाळ्यात पाणी शुद्ध करताना तुरटी काम करणार की नाही, नदीत काही मिसळले तर ती किती झेलणार, हे बऱ्याच अंशी दुसऱ्या आकड्यावर ठरते. लोक पाहतात पहिला.

महाड-पोलादपूरच का?

सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूर तालुक्यात उतरते, महाडजवळून वाहत बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. तरीही एप्रिल-मे उजाडला की डोंगरावरच्या वाड्या-वस्त्यांवर टँकर सुरू होतात. काळा कातळ पाणी धरून ठेवत नाही, उतार तीव्र आहे, त्यामुळे पडलेले पाणी लगेच वाहून जाते.

पाण्याचे स्रोतही एकसारखे नाहीत. महाड शहराला कोथुर्डे धरणाचे पाणी मिळते. पोलादपूर तालुक्यातले सावित्रीवरचे रानबाजिरे धरण महाडच्या औद्योगिक वसाहतीची तहान भागवते. डोंगरातली गावे झऱ्यांवर आणि विहिरींवर, तर खालची गावे विहिरी, विंधण विहिरी आणि नळयोजनांवर जगतात. त्यात रासायनिक कारखान्यांची एमआयडीसी नदीच्या खोऱ्यातच आहे. आणि पूर आहेच. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पाण्याखाली गेले, त्याच दिवशी तळियेची दरड कोसळली. पूर ओसरल्यावर पहिला प्रश्न पिण्याच्या पाण्याचाच होता. पुराचे पाणी शिरलेल्या विहिरीतले पाणी कधी पिण्यालायक होणार, हे अशा वेळी डोळ्यांनी कळत नाही.

म्हणजे एकाच तालुक्यात पावसाचे जवळजवळ कोरे पाणी, कातळातून झिरपलेले पाणी, धरणात साठलेले पाणी आणि कारखान्यांच्या शेजारून वाहणारे पाणी असे चार प्रकार भेटतात. चौघांचाही पीएच ७ च्या आसपास येऊ शकतो. तरी ती चार पाणी सारखी नसतात.

पीएच म्हणजे काय?

पीएचला मराठीत ‘सामू’ म्हणतात. माती परीक्षणाच्या अहवालामुळे शेतकऱ्यांना हा शब्द ओळखीचा आहे. कोपनहेगनमधल्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतले रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये ही मोजपट्टी मांडली. (कार्ल्सबर्ग म्हणजे बिअरचीच कंपनी. बिअर आंबवताना आम्लता अचूक मोजणे त्यांना गरजेचे होते.) पाण्यात त्या क्षणी किती हायड्रोजन आयन मोकळे आहेत, एवढेच पीएच सांगतो. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी.

ही मोजपट्टी फुटपट्टीसारखी नाही, हे लक्षात ठेवायला हवे. एक अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक. पीएच ६ चे पाणी पीएच ७ च्या दहापट आम्ल असते, ५ चे शंभरपट. स्वच्छ हवेतून पडणाऱ्या पावसाचाही पीएच साधारण ५.६ असतो, कारण पडता पडता तो हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतो. त्यामुळे पीएच ७ पेक्षा कमी आला की ‘पाण्यात ॲसिड मिसळले’ असे होत नाही.

भारतीय मानक ब्युरोच्या ‘आयएस १०५००’ या पिण्याच्या पाण्याच्या मानकात पीएच ६.५ ते ८.५ च्या दरम्यान असावा असे म्हटले आहे आणि त्यात सवलत नाही.

मग अल्कलिनिटी म्हणजे काय?

कशेडी घाटाच्या पायथ्याशी एक रिकामी सायकल आणि एक भरलेला ट्रक उभा आहे असे समजा. दोघांचाही वेग शून्य. स्पीडोमीटर पाहून दोघांत काहीच फरक कळणार नाही. धक्का द्या, सायकल लगेच पुढे जाईल, ट्रक जागचा हलणार नाही. पीएच हा स्पीडोमीटरचा आकडा आहे. अल्कलिनिटी म्हणजे ट्रकमधला माल.

रसायनशास्त्राच्या भाषेत, पाण्यात आम्ल टाकले तर ते किती आम्ल पचवू शकेल, ती क्षमता म्हणजे अल्कलिनिटी. पिण्याच्या पाण्यात हे काम मुख्यतः बायकार्बोनेट करतात, पीएच जास्त असेल तर काही अंशी कार्बोनेट आणि हायड्रॉक्साइडही. बायकार्बोनेट शिल्लक आहेत तोवर पडलेले आम्ल तेच गिळतात आणि पीएच फारसा हलत नाही. ते संपले की पीएच धाडकन खाली येतो.

ती मोजायची पद्धतही सोपी आहे. पाण्याच्या ठरावीक नमुन्यात मिथिल ऑरेंजचे थेंब टाकतात, पाणी पिवळे होते. मग ठरावीक तीव्रतेचे सौम्य सल्फ्युरिक आम्ल थेंबाथेंबाने सोडत जातात. पिवळा रंग नारिंगी झाला की थांबायचे. किती आम्ल लागले, त्यावरून अल्कलिनिटी काढतात आणि ती ‘कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात मिलिग्रॅम प्रतिलिटर’ अशी लिहितात. म्हणजे पाण्यात तेवढा चुनखडीचा दगड विरघळला आहे असे नव्हे, तेवढ्या दगडाइतकी आम्ल पचवण्याची ताकद आहे. मानकानुसार ही अल्कलिनिटी २०० पर्यंत असावी. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालते. २०० ची मर्यादा मुळात चवीसाठी आहे. त्यापुढे पाणी बेचव लागू लागते. इतकी अल्कलिनिटी प्यायल्याने कुणी आजारी पडते म्हणून ती घातलेली नाही. कमीत कमी किती असावी, यावर मात्र हे मानक काही बोलत नाही. कोकणातल्या पाण्याचा प्रश्न नेमका या खालच्या टोकाला असतो.

आता रीलमधल्या जांभळ्या ग्लासाकडे परत येऊ. समजा, सगळे क्षार काढून टाकलेल्या आरओच्या पाण्यात एखादे द्रावण टाकून त्याचा पीएच ९.५ केला आणि त्यात फक्त हायड्रॉक्साइड आहे. त्या पाण्याची अल्कलिनिटी किती? गणित केले तर सुमारे १.६ मिलिग्रॅम प्रतिलिटर. उलट पीएच ७.३ असलेल्या एखाद्या विहिरीच्या पाण्याची अल्कलिनिटी सहज १५०-२०० असू शकते. दोन्ही ग्लासांत लिंबाचा एकेक थेंब पिळून पाहा. पीएच ९.५ चे पाणी त्या एका थेंबातच आम्लधर्मी होईल. विहिरीच्या पाण्याचा रंग जेमतेम हलेल. ‘अल्कलाइन’ पाण्यात अल्कलिनिटी जवळजवळ नाही आणि ‘साध्या’ पाण्यात शंभरपट आहे, असेही होऊ शकते.

गोंधळ भाषेचाही आहे

मराठीत ‘क्षार’ हा शब्द फार कामाला जुंपलेला आहे. ‘पाण्यात क्षार जास्त आहेत’ म्हणजे बोलीत पाणी मचूळ आहे, विरघळलेले घटक, म्हणजे टीडीएस, जास्त आहे. ‘क्षारता’ हा शब्द कुठे खारटपणासाठी येतो, कुठे अल्कलिनिटीसाठी. ‘क्षारीय पाणी’ म्हणजे कुठे पीएच जास्त असलेले पाणी. त्यात ‘जड पाणी’ची भर. जडपणा म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम, ज्यामुळे साबणाला फेस येत नाही आणि डाळ शिजत नाही. जडपणाही ‘कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात’च लिहितात आणि त्याच्याही मर्यादा २०० आणि ६०० च आहेत. अहवाल वाचणाऱ्याचा गोंधळ झाला तर दोष त्याचा नाही.

स्वयंपाकघरात हा फरक डोळ्यांना दिसतो. अल्कलिनिटी जास्त असलेल्या पाण्यातला चहा काळपट आणि चवीला मेलेला होतो, भात किंचित पिवळसर दिसतो. लिंबू पिळले की चहाचा रंग उजळतो, भात पांढरा होतो. बंबाच्या आत जमणारा पांढरा थर हा जडपणा आणि अल्कलिनिटी एकत्र आल्याचा पुरावा.

कातळ, जांभा आणि कोरे पाणी

पावसाच्या पाण्याची अल्कलिनिटी जवळजवळ शून्य असते. ती जमिनीतून कमवावी लागते. मातीतून झिरपताना पाणी तिथला कार्बन डायऑक्साइड घेऊन सौम्य आम्ल बनते, ते बेसॉल्ट कातळातले कॅल्शियम-मॅग्नेशियम हळूहळू सोडवते आणि त्या व्यवहारात बायकार्बोनेट तयार होते. जितका वेळ पाणी खडकात मुरले, तितकी कमाई जास्त. म्हणून खोल विंधण विहिरीच्या पाण्यात अल्कलिनिटी साधारणपणे जास्त सापडते, आणि डोंगराच्या वरच्या अंगाला पावसाळ्यात फुटणाऱ्या झऱ्यात कमी.

जांभ्याचे वागणे आणखी वेगळे. महाबळेश्वरच्या पठारावर जांभ्याचा थर आहे. हजारो पावसाळ्यांनी त्या दगडातले विरघळण्यासारखे बहुतेक सगळे आधीच धुऊन नेले आहे, मागे राहिले ते लोह आणि ॲल्युमिनियम. त्यामुळे जांभ्यातून येणारे पाणी बहुधा मऊ, किंचित आम्लधर्मी आणि अल्कलिनिटीत गरीब असते.

असे पाणी प्यायला गोड लागते आणि आरोग्याला त्रास देत नाही. त्रास होतो तो पाइपांना आणि भांड्यांना. अल्कलिनिटी कमी आणि पीएचही ६.५ च्या खाली असेल तर पाणी जीआय पाइप, पितळी नळ, तांब्याचा हंडा यांचे धातू खाऊ लागते. फरशीवर तांबूस डाग, तोटीखाली हिरवट-निळसर ओघळ ही त्याची खूण. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात आमटी कळकते, ते आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. तीच क्रिया इथे अतिशय संथपणे, पाइपाच्या आत चालू असते.

पावसाळ्यात तुरटी का ‘लागत’ नाही?

पीएच आणि अल्कलिनिटीतला फरक सगळ्यात जास्त भोवतो तो जुलै-ऑगस्टमध्ये.

गढूळ पाणी निवळायला जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी वापरतात. तुरटी पाण्यात पडली की ॲल्युमिनियमचे भुसभुशीत पुंजके तयार होतात, गाळाचे कण त्यात अडकतात आणि तळाशी बसतात. मात्र हे पुंजके तयार होताना आम्ल सुटते आणि ते पचवायला अल्कलिनिटी लागते. साधारण हिशेब असा की १ मिलिग्रॅम तुरटी जवळपास अर्धा मिलिग्रॅम अल्कलिनिटी खाते.

आता समजा, उन्हाळ्यात धरणाच्या पाण्याची अल्कलिनिटी ८० आहे. २० मिलिग्रॅम तुरटी टाकली, १० खर्च झाली, ७० उरली. काहीच अडचण नाही. जुलैत त्याच धरणात पावसाचे कोरे पाणी भरले आणि अल्कलिनिटी २५ वर आली. त्याच वेळी गढूळपणा वाढला म्हणून तुरटी ५० करावी लागली. आता खर्च २५. शिल्लक शून्य. पीएच कोसळतो, पुंजके नीट बनत नाहीत, पाणी गढूळच राहते आणि न बसलेले ॲल्युमिनियम पाण्याबरोबर पुढे जाते. ऑपरेटरला वाटते तुरटी कमी पडली, तो आणखी टाकतो आणि परिस्थिती आणखी बिघडते. उपाय उलटा आहे. आधी चुन्याची निवळी घालून अल्कलिनिटी वाढवायची, मग तुरटी. (हे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. प्रत्यक्ष प्रमाण रोजच्या पाण्यावर, भांड्यांत चाचणी करून ठरवतात.)

यातला धोका असा की तुरटी टाकण्यापूर्वी त्या पाण्याचा पीएच ७.१ असू शकतो. नुसता पीएच पाहणाऱ्याला काहीच वावगे दिसणार नाही.

पाणी निवळले की क्लोरीन. गावपातळीवर हे काम टीसीएल पावडरीने होते आणि जलसुरक्षक ओटी टेस्ट करून नळाच्या पाण्यात क्लोरीन उरले आहे का ते पाहतो. मानकानुसार ते किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर उरायला हवे. इथे मात्र खेळ पीएचचा आहे. पाण्यात क्लोरीन दोन रूपांत असते. जंतू मारण्यात तरबेज असलेले हायपोक्लोरस आम्ल आणि त्याच्या तुलनेत फारच सुस्त असलेला हायपोक्लोराइट आयन. पीएच ६.५ ला सुमारे ९० टक्के क्लोरीन पहिल्या रूपात असते. ७.५ ला जवळपास निम्मे-निम्मे. ८.५ ला पहिले रूप जेमतेम १० टक्के उरते. ओटी टेस्टचा पिवळा रंग दोन्ही रूपांना सारखाच येतो. म्हणजे पीएच ८.५ असेल तर टेस्ट पास, पण जंतू मारायची धार बोथट, असे होऊ शकते.

आणि अल्कलिनिटी कमी असलेल्या पाण्यात पीएच वर ढकलणेही सोपे असते. टीसीएलमध्ये चुना असतो. कोकणातल्या दमट हवेत उघड्या पिशवीतल्या टीसीएलची ताकद उतरत जाते, पण चुना जात नाही. मग अंदाजाने दोन वाट्या जास्त टाकल्या की क्लोरीन थोडे आणि पीएचची वाढच जास्त. पुरानंतर घाईघाईने विहिरी शुद्ध करताना हे होण्याची शक्यता सर्वाधिक.

नदी आणि एमआयडीसी : ७ हा आकडा काय लपवतो?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत सावित्रीचेही नाव होते. ती यादी पीएचवरून केली जात नाही. ती बीओडीवरून, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवायला किती प्राणवायू लागतो त्यावरून, होते. याला कारण आहे. कारखान्याचे आम्लधर्मी सांडपाणी चुना किंवा सोडा टाकून उदासीन करता येते. सांडपाण्यासाठी पीएच ५.५ ते ९ हा सर्वसाधारण निकष आहे आणि तो गाठणे सगळ्यात स्वस्त. पीएच ७ झाला तरी विरघळलेले मीठ, सेंद्रिय रसायने, रंग जागेवरच असतात. उलट उदासीन करताना मीठ वाढते. त्यामुळे नदीकाठी पट्टी बुडवून ‘पीएच ७ आला, पाणी ओके’ असे सांगणारा व्हिडीओ काहीच सिद्ध करत नाही. तसेच ‘पीएच ८.३ आला, केमिकल सोडले’ हेही त्यावरून सिद्ध होत नाही.

मग नदीत अल्कलिनिटीचा उपयोग काय? याचे सगळ्यात बोलके उदाहरण युरोपच्या उत्तरेला आहे. विसाव्या शतकात ब्रिटन आणि मध्य युरोपातल्या धुरामुळे नॉर्वे आणि स्वीडनवर आम्लवर्षा होऊ लागली. चुनखडीच्या प्रदेशातली तळी टिकली. ग्रॅनाइटवरच्या, अल्कलिनिटी कमी असलेल्या तळ्यांत मासे मेले. त्यातही वर्षानुवर्षे पीएच फारसा बदललेला नव्हता. आत साठा संपत होता आणि वरचा आकडा शांत होता. साठा संपल्यावर पीएच झपाट्याने उतरला. पुढे स्वीडन सरकारला हजारो तळ्यांत चुनखडीची भुकटी टाकण्याचा कार्यक्रम हाती घ्यावा लागला.

सावित्रीचे खोरे म्हणजे स्वीडन नव्हे, बेसॉल्ट ग्रॅनाइटपेक्षा बराच उदार खडक आहे. पण भर पावसात, वरून कोरे पाणी वाहत असताना, ओढ्या-नाल्यांची आम्ल पचवण्याची क्षमता वर्षातली सगळ्यात कमी असते. प्रवाह मोठा असल्याने मिसळलेले पातळ होते ही जमेची बाजू. प्रवाह लहान असेल, एखादा नाला असेल, तर ती बाजूही नाही. ‘पावसात सोडले तर काय कळतेय’ या समजुतीवर हे उत्तर आहे.

तपासणी कुठे आणि कधी करायची?

जलजीवन मिशनमध्ये गावात फील्ड टेस्ट किट दिले जाते आणि प्रत्येक गावातल्या पाच महिलांना ते वापरायचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. किटमध्ये पीएच आणि अल्कलिनिटी या दोन्ही चाचण्या असतात. पीएचसाठी रंग तक्त्याशी जुळवायचा, अल्कलिनिटीसाठी थेंब मोजायचे. थेंब मोजणे कंटाळवाणे असल्याने ती चाचणी मागे पडण्याची शक्यता अधिक.

या दोन चाचण्यांना लागू होणारा एक नियम फार कमी जणांना माहीत असतो. पीएच स्रोतापाशीच, तिथल्या तिथे मोजायला हवा. अल्कलिनिटीचा नमुना बाटली काठोकाठ भरून, बूच घट्ट लावून, थंड ठेवून प्रयोगशाळेत नेला तरी चालतो. कारण विंधण विहिरीच्या ताज्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो आणि तो पीएच खाली ठेवतो. हंड्यात तासभर उघडे ठेवले की तो उडून जातो आणि पीएच वाढतो. अल्कलिनिटी तेवढीच राहते. पोलादपूरच्या एखाद्या वरच्या वाडीवरून सकाळी भरलेली बाटली दुपारी प्रयोगशाळेत पोहोचली, तर अहवालातला पीएच हा त्या बाटलीचा असतो, विहिरीचा नाही.

पाणी उकळल्यावर तर दोन्ही आकडे विरुद्ध दिशांना जातात. कार्बन डायऑक्साइड निघून गेल्याने पीएच वाढतो, आणि बायकार्बोनेटचा काही भाग भांड्याच्या तळाशी पांढरा थर होऊन बसल्याने अल्कलिनिटी घटते. दोन्ही एकच गोष्ट असत्या तर हे शक्यच नव्हते.

उघड्या तळ्याची गंमत आणखी निराळी. शेवाळ दिवसभर उन्हात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड वापरते, त्यामुळे दुपारपर्यंत पीएच चढतो आणि रात्री पुन्हा उतरतो. सकाळी सातला आणि दुपारी तीनला एकाच तळ्याचे दोन वेगळे पीएच मिळतात आणि दोन्ही खरे असतात. पाण्याची अल्कलिनिटी जितकी कमी, तितका हा चढ-उतार मोठा. (महाडमध्ये तळ्याच्या पाण्याच्या ‘शुद्धते’चा विषय निघाला की चवदार तळे आठवणारच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी ते पाणी प्यायल्यावर सनातन्यांनी १०८ घागरी पंचगव्य ओतून तळे ‘शुद्ध’ केले होते. त्या शुद्धतेचा कोणत्याही मोजपट्टीशी संबंध नव्हता.)

अल्कलाइन पाण्याच्या दाव्यांचे काय?

पोटातल्या आम्लाचा पीएच १.५ ते ३.५ असतो. वर हिशेब केलेल्या पीएच ९.५ च्या ग्लासभर पाण्याला उदासीन करायला त्या आम्लाचे काही थेंब पुरतात. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात फुप्फुसे आणि मूत्रपिंडे राखतात आणि त्यासाठी रक्ताकडे स्वतःचा बायकार्बोनेटचा साठा आहे. पाण्याच्या भाषेत तो मांडला तर रक्ताची अल्कलिनिटी १२०० च्या आसपास भरते. पाणी पिऊन रक्त ‘अल्कलाइन’ होत नाही. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी असे पाणी किंवा सोडा डॉक्टरांना न विचारता घेऊ नये, कारण त्यांच्यात हा समतोल आधीच नाजूक असतो.

या दाव्यांचा अमेरिकेतला एक मोठा प्रचारक, ‘द पीएच मिरॅकल’ या पुस्तकाचा लेखक रॉबर्ट यंग, २०१६ मध्ये परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल दोषी ठरला. २०१८ मध्ये एका कर्करुग्ण महिलेच्या दाव्यात ज्युरीने त्याला १० कोटी डॉलरहून अधिक भरपाई द्यायला सांगितली.

भारतात बाटलीबंद पिण्याच्या पाण्यासाठीही पीएचची वरची मर्यादा ८.५ च आहे. त्यामुळे त्यापुढचा पीएच मिरवणाऱ्या अनेक बाटल्यांवर बारीक अक्षरांत ‘पिण्याचे पाणी’ऐवजी पाण्यापासून केलेले पेय अशा अर्थाचा मजकूर असतो. दुकानात बाटली उलटी करून पाहिली की दिसतो.

अहवाल हातात आला तर काय पाहायचे?

गावाच्या स्रोतांचे पाणी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासले जाते, पण मधल्या जुलै-ऑगस्टचा नमुना इथे जास्त बोलका असतो. पीएच ६.५ ते ८.५ मध्ये आहे आणि अल्कलिनिटी ५०-१५० च्या घरात असेल तर या दोन बाबतींत सहसा चिंता नसते. पीएच ठीक पण अल्कलिनिटी २०-३० असेल, तर शुद्धीकरण केंद्रात पावसाळ्यात तुरटीबरोबर चुना वापरला जातो का, हे ग्रामसभेत विचारण्यासारखे आहे. पीएच ६.५ च्या खाली आणि अल्कलिनिटीही कमी असेल तर सकाळी नळ सुरू झाल्यावर पहिले पाणी पिण्यासाठी भरू नये, रात्रभर पाइपात उभे राहिलेले ते पाणी सांडी-भांडीला वापरावे. अल्कलिनिटी २०० च्या वर पण ६०० च्या आत असेल तर चहा बिघडेल, बंब खराब होईल. त्यासाठी घाबरून महागडे यंत्र घ्यायची गरज नाही. ६०० च्या वर असेल तर दुसरा स्रोत शोधावा लागेल.

आणि या दोन्ही आकड्यांत जंतू दिसत नाहीत. पुरानंतर जुलाब-कावीळ होते ती जंतूंमुळे. त्यासाठी जिवाणू तपासणीचा वेगळा रकाना असतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा आणि उपविभागीय प्रयोगशाळांत नागरिकांनाही माफक शुल्क भरून नमुना तपासून घेता येतो. रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ प्लास्टिकची बाटली चालते. जिवाणू तपासणीसाठी मात्र निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणावी लागते, आणि नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवावा लागतो.